केल्टिक स्मृतिदिन: आदरांजली कुणाला आणि राग कुणावर?

उत्तरवारा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. वेल्स, स्कॉटलंडचा डोंगराळ मुलूख, आयर्लंड आणि कॉर्नवॉल या केल्टिक, म्हणजे मुळात इंग्रजीहून वेगळ्या केल्टिक भाषा बोलणाऱ्या, प्रदेशांत जुन्या पराभवांचे आणि अन्यायांचे स्मृतिदिन आजही नेमाने पाळले जातात. मी नोकरीनिमित्त वेल्समध्ये राहतो, त्यामुळे येथील सोहळे जवळून पाहतो. किलमेरी या खेड्याजवळ ११ डिसेंबरला लोक एका उंच, ओबडधोबड ग्रॅनाइटच्या शिळेपाशी जमतात, पुष्पचक्रे वाहतात आणि वेल्श भाषेत भाषणे करतात. स्वतंत्र वेल्सचा शेवटचा राजपुत्र लुवेलिन याच परिसरात १२८२ साली मारला गेला आणि त्याचे शिर लंडनला नेऊन टॉवर या किल्ल्यावर लावण्यात आले. ही शिळा मात्र १९५६ सालची आहे, म्हणजे घटनेनंतर पावणेसातशे वर्षांनी उभी राहिलेली.

या सोहळ्यांमागचे दुःख खरे आहे याविषयी माझ्या मनात शंका नाही. तरीही भाषणांत आरोपी म्हणून ‘इंग्रज’ असा सरसकट उल्लेख झाला की मी अस्वस्थ होतो, कारण राजा, जमीनदार, संसद, महापालिका आणि स्वकीय फितूर हे सगळे त्या एका नावाखाली झाकले जातात. अशा स्मरणाने इतिहास अधिक स्पष्ट होतो की धूसर होतो, हे मला सभासदांकडून जाणून घ्यायचे आहे. ज्यांनी असे सोहळे पाहिले आहेत त्यांनी सविस्तर लिहावे.

देवराई

धागा काढल्याबद्दल आभार. तुमच्या मुद्द्याचा सर्वांत ठळक पुरावा इन्व्हर्नेसजवळच्या कलोडनच्या माळावर सापडतो. १६ एप्रिल १७४६ रोजी तेथे झालेली लढाई तासाभरातच आटोपली आणि पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याला गादी परत मिळवून देऊ पाहणाऱ्या जॅकोबाइट सैन्याचे सुमारे दीड हजार लोक मेले किंवा जखमी झाले. दरवर्षी एप्रिलमध्ये तेथे गेलिक भाषेतील प्रार्थनेसह स्मरणसभा होते. माळावर १८८१ साली रचलेला दगडांचा मोठा गोल स्मृतिस्तंभ आहे आणि आजूबाजूच्या गवतात एकेका घराण्याचे नाव कोरलेल्या शिळा आहेत. त्या शिळांपाशी परदेशातून आलेली माणसे आपले आडनाव शोधत हिंडताना दिसतात.

मात्र समोरच्या सरकारी फौजेत कोण होते ते पाहा. रॉयल स्कॉट्ससारख्या स्कॉटिश पलटणी त्या बाजूला होत्या आणि कॅम्पबेल घराण्याची माणसेही होती. उलट, जॅकोबाइटांचा नेता असलेल्या राजपुत्र चार्ल्सच्या मोहिमेत मँचेस्टरमध्ये उभी राहिलेली एक इंग्रज पलटण सामील होती आणि कलोडनच्या रणात त्याच्या बाजूने फ्रान्सच्या नोकरीतील आयरिश शिपाई लढले. ही राजगादीसाठीची, धर्मपंथाची आणि घराण्यांमधल्या जुन्या वैराची लढाई होती. तिला ‘स्कॉटलंड विरुद्ध इंग्लंड’ असे रूप नंतरच्या काळात मिळाले.

ग्लेन्को या स्कॉटिश खोऱ्यातील हत्याकांडाचेही तसेच आहे. १३ फेब्रुवारी १६९२ च्या पहाटे ज्यांनी मॅकडोनाल्ड कुटुंबांतील सुमारे ३८ जणांची हत्या केली, ते सैनिक त्यांच्याच घरी पाहुणे म्हणून जेवले-झोपले होते, आणि त्यांचा कप्तान कॅम्पबेल होता. हुकमावर राजा विल्यमची सही असली तरी तो घडवून आणणारा मंत्री डॅलरिंपल स्कॉटिशच होता.

शिशिरपर्ण

देवराई, तुमचे तपशील बिनचूक आहेत, परंतु निष्कर्ष मला पटत नाही. लढाईत कोण कोणाच्या बाजूला उभे होते हा एक प्रश्न झाला आणि लढाईनंतर कोणाच्या सत्तेने कोणाची जीवनपद्धती मोडली हा दुसरा. कलोडनची खरी जखम दुसऱ्या प्रश्नात आहे. जखमी सैनिकांना मैदानात आणि आसपासच्या झोपड्यांत शोधून ठार करण्यात आले. त्यानंतरच्या महिन्यांत गुरेढोरे हाकलून नेली गेली आणि घरे जाळली गेली. लंडनच्या संसदेने डोंगराळ मुलखातील पोशाखावर बंदी घातली आणि ती १७८२ पर्यंत टिकली. घराणेप्रमुखांचे न्यायदानाचे वंशपरंपरागत अधिकारही १७४७ च्या कायद्याने काढून घेतले गेले.

आता कोणी म्हणेल की ही संसद ब्रिटिश होती, केवळ इंग्रज नव्हती. कागदोपत्री हे बरोबर आहे. तथापि इंग्लंड आणि स्कॉटलंडच्या १७०७ च्या एकीकरणानंतर त्या संसदेच्या कनिष्ठ सभागृहात स्कॉटलंडला अवघ्या ४५ जागा होत्या आणि ५१३ सदस्य इंग्लंड-वेल्सचे होते. सत्तेचा तोल ज्याच्याकडे असतो त्याच्या नावाने लोक सत्तेला ओळखतात आणि यात सामान्य माणसाचे काही चुकते असे मला वाटत नाही. जिंकणाऱ्या बाजूला काही स्वकीय असतातच. त्यांच्या असण्याने जेत्याची जबाबदारी हलकी होत नाही.

तिठा

१४९७ साली कॉर्नवॉलच्या बंडखोरांना मृत्युदंड देणारा सातवा हेन्री हा वेल्श ट्यूडर घराण्यातला होता. ज्या करामुळे ते बंड पेटले तो स्कॉटलंडविरुद्धच्या युद्धासाठी लावलेला होता. केल्टिक रक्ताचा राजा, केल्टिक शेजाऱ्याशी युद्ध आणि भुर्दंड केल्टिक कथील-कामगारांना!

काळाकातळ

तिठा यांनी कॉर्नवॉलचा विषय काढला म्हणून थोडे विस्ताराने लिहितो, कारण आपल्याकडे या प्रदेशाचा इतिहास फारसा वाचला जात नाही. सेंट केव्हर्न गावचा मायकेल जोसेफ हा लोहार होता. कॉर्निश भाषेत लोहाराला ‘अन गोफ’ म्हणतात आणि त्याच नावाने तो आजही ओळखला जातो. बॉडमिनचा वकील टॉमस फ्लॅमँक आणि तो, असे दोघे मिळून सुमारे १५,००० माणसे घेऊन पायी थेट लंडनच्या वेशीपर्यंत पोहोचले. १७ जून १४९७ रोजी ब्लॅकहीथजवळ त्यांचा पराभव झाला आणि २७ जूनला लंडनच्या टायबर्न या वधस्थळी दोघांना देहदंड देण्यात आला.

१९९७ मध्ये या घटनेला ५०० वर्षे झाली, तेव्हा कॉर्निश लोकांनी सेंट केव्हर्नपासून ब्लॅकहीथपर्यंत त्याच मार्गाने पदयात्रा काढली. सेंट केव्हर्नच्या वेशीवर दोघांचा पुतळाही त्याच वर्षी उभा राहिला. विशेष म्हणजे वाटेतल्या इंग्रज गावांनी या यात्रेकरूंचे स्वागत केले. उत्तरवारा, तुमच्या अस्वस्थतेला हे एक उत्तर आहे असे मी मानतो. मूळ बंडातही लोकांचा रोष कर लावणाऱ्या राजसल्लागारांवर होता आणि वाटेवरच्या सॉमरसेटमधून इंग्रज लॉर्ड ऑडली स्वतः त्या सैन्यात सामील झाला होता. त्याचाही शिरच्छेद झाला.

१५४९ चे बंड मात्र अधिक कडवट आहे. लॅटिन उपासना बंद करून इंग्रजी प्रार्थनाग्रंथ सक्तीचा करण्यात आला, तेव्हा बंडखोरांनी आपल्या मागण्यांत स्पष्ट लिहिले की आमच्यापैकी काही कॉर्निश लोकांना इंग्रजी कळतच नाही. सरकारी फौजेने क्लिस्ट हीथ येथे हातपाय बांधलेल्या शेकडो कैद्यांचे गळे कापले. त्यानंतर कॉर्निश भाषेत प्रार्थनाग्रंथ कधी निघालाच नाही, आणि वेल्श भाषेला मात्र १५६७ मध्ये प्रार्थनाग्रंथ आणि १५८८ मध्ये संपूर्ण बायबल मिळाले. एक भाषा टिकली आणि दुसरी अठराव्या शतकाअखेर बोलण्यातून गेली, यामागे हे एक मोठे कारण होते.

बंदरवाट

मी आठ वर्षे आयर्लंडमध्ये काढली असल्याने तेथील दुष्काळाबद्दल लिहिणे मला भाग आहे. १८४५ पासून बटाट्यावर पडलेल्या रोगाने पीक कुजले. पुढच्या सहा-सात वर्षांत सुमारे दहा लाख लोक मेले आणि त्याहून अधिक देश सोडून गेले. ‘रोग निसर्गाने आणला, दुष्काळ इंग्रजांनी’ अशा अर्थाचे वचन तेथे सर्वतोमुखी आहे आणि पुष्कळ शिकलेले लोक त्याला भावनिक अतिशयोक्ती समजतात. परंतु कागदपत्रे काय सांगतात ते पाहा. १८४७ च्या उन्हाळ्यात सरकारी लंगरांतून दिवसाला तीस लाखांच्या आसपास लोकांना जेवण मिळत होते. म्हणजे राज्ययंत्रणेला लोकांना जगवता येत होते, आणि तिने ते करून दाखवले होते. नंतर हे लंगर बंद करण्यात आले आणि मदतीचा भार आयर्लंडच्याच स्थानिक करांवर टाकला गेला. शिवाय पाव एकरापेक्षा जास्त जमीन कसणाऱ्याने ती सोडल्याखेरीज त्याला मदत मिळू नये, अशी अट कायद्यात घातली गेली. भुकेल्या माणसाला जमीन आणि भाकरी यांतून एकाची निवड करायला लावणारा तो कायदा होता. या काळात धान्य आणि जनावरे आयर्लंडमधून इंग्लंडकडे जातच होती.

मदतीचा कारभार चालवणारा कोषागारातील अधिकारी चार्ल्स ट्रेव्हेलियन हा पुढे आपल्या देशात मद्रासचा गव्हर्नर होऊन आला, हेही येथे नोंदवतो. मुक्त व्यापारात हस्तक्षेप नको आणि संकटामागे दैवी योजना आहे, या त्याच्या विचारांचा धोरणावर खोल परिणाम झाला. अशा वेळी जबाबदारी नेमकी कुणाची हे सांगता येते: लंडनमधील मंत्रिमंडळ, त्याचे अर्थशास्त्र आणि त्याचा कोषागार. इंग्लंडमधला गिरणी-कामगार त्यात येत नाही. २००८ पासून आयर्लंडमध्ये दरवर्षी राष्ट्रीय दुष्काळ स्मृतिदिन वेगवेगळ्या ठिकाणी पाळला जातो आणि मला त्यात द्वेष क्वचितच दिसला. जगात आज जेथे उपासमार चालू आहे तिचा उल्लेख मात्र मी बहुतेक भाषणांत ऐकला.

मंजिरी_ल

बंदरवाट, तुमचा प्रतिसाद वाचून अंगावर काटा आला. १९९७ मध्ये ब्रिटनच्या पंतप्रधानांनी दुष्काळाबद्दल खेद व्यक्त केला होता ना?

बंदरवाट

होय. टोनी ब्लेअर यांच्या नावाने एक निवेदन कॉर्क परगण्यातील मिलस्ट्रीटच्या कार्यक्रमात वाचून दाखवण्यात आले. त्या वेळी लंडनमध्ये राज्य करणाऱ्यांनी आपल्या लोकांना दगा दिला, अशा आशयाचे ते होते. २०२१ मध्ये खुल्या झालेल्या सरकारी कागदपत्रांवरून असे दिसले की ते निवेदन साहाय्यकांनी घाईघाईने तयार केले होते आणि स्वतः ब्लेअर यांची संमती घ्यायला वेळच मिळाला नव्हता. तरीही त्या काळी आयर्लंडमध्ये त्याचे चांगले स्वागत झाले. मला यात काही वावगे वाटत नाही. राज्यसंस्थेने कबुली देणे महत्त्वाचे होते आणि ती तिच्या नावाने दिली गेली.

अक्षयवट

देवराई आणि शिशिरपर्ण यांच्या वादात एक गोष्ट राहून गेली आहे, ती म्हणजे स्कॉटलंडमधील कुळांची हकालपट्टी. मेंढ्यांसाठी कुरणे मोकळी करण्याकरिता अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पुढे जवळपास शंभर वर्षे डोंगरातली गावेच्या गावे उठवली गेली. सदरलँडमधील स्ट्रॅथनेव्हर खोऱ्यातली घरे पाडताना छपरांचे लाकूड जाळून टाकत, म्हणजे माणसे परत येऊन निवारा उभारू शकणार नाहीत. पॅट्रिक सेलर या कारभाऱ्यावर १८१६ मध्ये खटला झाला आणि तो निर्दोष सुटला. हा सेलर स्कॉटिश, जमिनीची वारसदार सदरलँडची काउंटेस स्कॉटिश, आणि तिचा धनाढ्य नवरा तेवढा इंग्रज. गोल्स्पीजवळच्या डोंगरमाथ्यावर त्या नवऱ्याचा प्रचंड पुतळा आहे. तो पाडावा की तेथेच ठेवून खाली खरा इतिहास लिहावा, यावर स्थानिक लोक कित्येक दशके वाद घालत आहेत.

या दुःखावर जो उतारा मिळाला तो मला फार महत्त्वाचा वाटतो. १८८० च्या दशकात स्काय बेटावर आणि आसपास कुळांनी खंड देणे बंद केले, पोलिसांशी झटापटी झाल्या, आणि १८८६ मध्ये संसदेला कायदा करून त्यांना जमिनीवरील ताब्याची आणि रास्त खंडाची हमी द्यावी लागली. आपल्याकडच्या वाचकांनी त्याला डोंगराळ स्कॉटलंडचा कूळकायदा समजावे. त्यांनी आपला विरोधक जमीनदार म्हणून नीट ओळखला होता, म्हणूनच त्यांच्या पदरात काही पडले. त्यांनी सगळा राग इंग्रजांवर काढला असता, तर त्यांचे स्वतःचे जमीनदार सुखाने झोपले असते.

सांजपारवा

अक्षयवट यांचे शेवटचे वाक्य मला शंभर टक्के मान्य आहे. यात एक भर घालतो, जिचा महाराष्ट्राशी थेट संबंध आहे. याच डोंगराळ मुलखातून उभ्या केलेल्या ७४ व्या आणि ७८ व्या हायलँडर पलटणी सप्टेंबर १८०३ मध्ये असईच्या लढाईत शिंदे-भोसल्यांच्या फौजेवर चालून आल्या. मराठ्यांच्या तोफांपुढे ७४ व्या पलटणीची अक्षरशः चाळण झाली. या ब्रिटिश फौजेचा सेनापती आर्थर वेलस्ली डब्लिनमध्ये जन्मलेला होता. मराठी राज्य बुडाल्यावर येथला कारभार पाहणारा माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन स्कॉटिश, आणि मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ग्रँट डफही स्कॉटिश. आपण आजही त्या सर्वांना ‘इंग्रज’च म्हणतो. त्यामुळे केल्टिक प्रदेशांच्या स्मृतिसोहळ्यांत साम्राज्यातील त्यांच्या स्वतःच्या सहभागाची कबुली यायला हवी, अशी माझी ठाम अपेक्षा आहे. पीडित असल्याचे स्मरण आणि पीडा देणाऱ्यात सामील असल्याचे विस्मरण, हे दोन्ही एकत्र चालू देता कामा नये.

मंजिरी_ल

सांजपारवा, दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. लोकमान्य टिळकांनी होमरूल लीग स्थापन केली ती एप्रिल १९१६ च्या अखेरीस बेळगावात, आणि त्याच आठवड्यात डब्लिनमध्ये ब्रिटिश राजवटीविरुद्ध ईस्टरचा उठाव चालू होता. ‘होमरूल’ हे नावच आयरिश चळवळीतून आले होते. १९२० मध्ये जालंधर आणि सोलन येथील कॉनॉट रेंजर्स या ब्रिटिश लष्करातील पलटणीच्या आयरिश शिपायांनी मायदेशातील दडपशाहीचा निषेध म्हणून शस्त्रे खाली ठेवली आणि त्यांच्यापैकी जेम्स डेली याला नोव्हेंबरमध्ये दगशाईच्या तुरुंगात गोळ्या घालण्यात आल्या. आयरिश माणसे आपल्या देशात दोन्ही बाजूंना होती.

तिठा

‘केल्टिक’ म्हणजे आपोआप ‘इंग्रजविरोधी’ असे नव्हे, याची आठवण फ्रान्समधील ब्रिटनी हा केल्टिक प्रदेश करून देतो. ब्रेटन लोकांचा सल फ्रान्सविषयी आहे. १४८८ साली सेंतोबँ-दु-कोर्मिए येथे फ्रेंच राजाने त्यांचा पराभव केला, आणि त्या रणात ब्रेटनांच्या बाजूने इंग्रज तिरंदाज लढून मेले होते.

शिशिरपर्ण

वेल्सबद्दल अजून कोणी त्रिवेरिनचा उल्लेख केलेला नाही याचे आश्चर्य वाटते. तेराव्या शतकातला लुवेलिन दूरचा वाटत असेल, तर हे उदाहरण घ्या. लिव्हरपूलला पाणी हवे म्हणून त्रिवेरिन नदीवर धरण बांधण्याचा ठराव त्या शहराच्या महापालिकेने केला. खोऱ्यातील कापेल केलिन हे संपूर्ण वेल्श बोलणारे गाव त्यात बुडणार होते. गावकऱ्यांनी १९५६ मध्ये लिव्हरपूलच्या रस्त्यांवरून मोर्चा काढला. १९५७ मध्ये संसदेत विधेयक आले, तेव्हा वेल्सच्या ३६ खासदारांपैकी एकानेही त्याच्या बाजूने मत दिले नाही. तरीही ते मंजूर झाले. शाळा, टपालकचेरी, प्रार्थनागृह आणि बारा घरे १९६५ मध्ये पाण्याखाली गेली. काही कुटुंबांनी आपल्या माणसांचे अवशेष हलवले, आणि उरलेल्या दफनभूमीवर काँक्रीट ओतण्यात आले.

लानरिस्टिड गावाजवळ महामार्गाकडेला एका पडक्या भिंतीवर ‘त्रिवेरिन विसरू नका’ या अर्थाचे वेल्श शब्द लाल रंगावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलेले आहेत. २०१९ मध्ये कोणीतरी ती अक्षरे पुसली आणि नंतर भिंतीचा काही भागही पाडला. तेव्हा तरुण मुलांनी ती पुन्हा बांधली, आणि तीच अक्षरे वेल्सभर ठिकठिकाणच्या भिंतींवर उमटली. मला सांगा, ज्या प्रदेशाचा एकही लोकप्रतिनिधी अनुकूल नसताना त्याचे खोरे बुडवता येते, तेथे ‘आम्हाला कोणी विचारले नाही’ ही तक्रार जुनी कशी होईल?

देवराई

शिशिरपर्ण, या उदाहरणापुढे माझा काहीच आक्षेप नाही, कारण येथे जबाबदार कोण हे नावानिशी ठाऊक आहे. आणि म्हणूनच २००५ मध्ये लिव्हरपूलच्या महापालिकेला नावानिशी माफीही मागता आली. कलोडनची माफी कोणी कोणाकडे मागायची, हे मात्र ठरवता येणार नाही. माझा मुद्दा एवढाच होता.

बंदरवाट

माफीबरोबर कृतीचेही एक उदाहरण देतो. मे २०११ मध्ये राणी एलिझाबेथ डब्लिनला आल्या. स्वातंत्र्यासाठी मेलेल्यांच्या स्मृतिउद्यानात त्यांनी मान लववली, आणि दुसऱ्या दिवशी क्रोक पार्क या मैदानात गेल्या, जेथे २१ नोव्हेंबर १९२० रोजी सामना पाहायला आलेल्या लोकांवर सरकारी गोळीबार होऊन १४ जण मेले होते. डब्लिन कॅसलमधील भाषणाची सुरुवात त्यांनी आयरिश भाषेत केली. माझे तेथील सहकारी राजेशाहीचे कट्टर विरोधक होते, परंतु त्या दिवशी कचेरीत बराच वेळ सगळे त्याच विषयावर आपुलकीने बोलत होते. म्हणून सगळे मिटले असे मात्र नाही. जानेवारी २०२० मध्ये आयरिश सरकारने ब्रिटिश राजवटीखालील पोलिसांचा स्मृतिसमारंभ ठरवला, तेव्हा इतका विरोध झाला की तो पुढे ढकलावा लागला. ते पोलीस बहुतांशी आयरिशच होते.

उत्तरवारा (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. चर्चेतून माझा प्रश्न अधिक नेमका झाला. अक्षयवट आणि देवराई यांच्या प्रतिसादांवरून मला वाटते की स्मरणाची कसोटी त्याच्या जुनेपणावर लावू नये. त्यातून आज कोणाकडे कोणती मागणी केली जाते, हे पाहावे. तरीही किलमेरीसारख्या सोहळ्याचे काय, जेथे मागणी अशी काही नसतेच आणि फक्त शोक असतो? शिशिरपर्ण, यावर तुमचे मत वाचायला आवडेल.

शिशिरपर्ण

उत्तरवारा, शोकाला मागणीची अट घालू नये असे माझे मत आहे. किलमेरीला लोक वेल्श बोलतात, वेल्शमध्ये गातात आणि लहान मुलांना सोबत नेतात. २०२१ च्या जनगणनेत वेल्समधील १७.८ टक्के लोकांनीच आपल्याला वेल्श येते असे नोंदवले. अशा स्थितीत भाषेतून झालेला प्रत्येक सार्वजनिक सोहळा भाषेचे कामच करतो. शिवाय शोक आणि मागणी यांची ताटातूट तुम्ही समजता तेवढी नाही. जुलै २०२१ मध्ये वेल्श भाषा संघटनेने घरांच्या प्रश्नावर निदर्शने केली, तेव्हा जागा निवडली ती त्रिवेरिनचे धरण. पैसेवाल्यांनी सुट्टीपुरत्या वापरासाठी किनाऱ्यावरची घरे घेतल्यामुळे स्थानिक तरुणांना गावात राहणे परवडत नाही, ही त्यांची तक्रार होती. त्यांची मागणी वेल्सच्या स्वतःच्या सरकारकडे होती, लंडनकडे नव्हती. पुढे कायद्यात बदल झाला आणि एप्रिल २०२३ पासून ग्विनेथ या वेल्श परगण्याच्या परिषदेने अशा घरांवर नेहमीच्या स्थानिक कराखेरीज दीडशे टक्के जादा कर लावला. घर घेणारा लंडनचा असो वा वेल्सच्या राजधानीतला, कार्डिफचा, कर सर्वांना सारखाच आहे.